'काही बिघडली नाही' म्हणजे किती चांगली? नकारातून कमी बोलण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात मी संध्याकाळी भाषांतर आणि संपादनाचा एक छोटा वर्ग घेते. दर तुकडीत हा विषय निघाला की तेच प्रश्न येतात, आणि दर वेळी फळ्यावर तीच वाक्यं लिहून हात खडूने भरतो. म्हणून एकदाचं हे लिहून ठेवते आहे. क्रम वर्गातल्या प्रश्नांचाच आहे, म्हणजे फारसा शिस्तीचा नाही.

हा प्रकार नेमका काय आहे?

एखादी गोष्ट आहे असं सरळ सांगायचं नाही. तिच्या उलट जे आहे ते नाही, एवढंच म्हणायचं आणि उरलेलं ऐकणाऱ्यावर सोडायचं. मे महिन्यात दुपारी दोन वाजता बर्डीवरून चालत आलेला माणूस कूलरसमोर बसतो, दुपट्ट्याने मान पुसतो आणि म्हणतो, "ऊन काई कमी नाई आज." पारा 45 च्या पुढे गेलेला असतो. त्याने उन्हाचं वर्णन केलेलं नाही. ऊन कमी असेल अशी शंका कुणी घेतलीच नव्हती, ती त्याने फेटाळली. तरी घरातल्या सगळ्यांना कळतं की आज बाहेर पडायचं नाही.

याला नाव काय?

युरोपीय अलंकारशास्त्रात हा 'लायटोटीज' म्हणून ओळखला जातो. मूळ शब्द ग्रीक, 'लितोस' म्हणजे साधा, बिनसजावटीचा. मराठीत शाळेपासून पाठ केलेल्या अलंकारांत याला स्वतंत्र घर मिळालेलं नाही. अतिशयोक्तीला मिळालं, व्याजस्तुतीला मिळालं, हा मात्र ओसरीवरच राहिला. वर्गात मी 'नकारी न्यूनोक्ती' म्हणते. जड आहे, पण काम भागतं. विद्यार्थी 'नाई-वालं' म्हणतात, आणि ते जास्त चांगलं आहे.

म्हणजे 'नाही' आलं की झाली न्यूनोक्ती?

नाही. (हे उत्तर मात्र साधा नकार आहे.)

विरुद्धार्थी शब्दांच्या जोड्या दोन तऱ्हेच्या असतात. एका तऱ्हेत मधे जागाच नसते. जिवंत आणि मेलेला, हजर आणि गैरहजर. 'तो मेलेला नाही' म्हटलं की तो जिवंत आहे, विषय संपला. दुसऱ्या तऱ्हेत दोन टोकांच्या मधे लांबलचक पट्टा असतो. गरीब आणि श्रीमंत, वाईट आणि चांगलं, थंड आणि गरम. 'तो गरीब नाही' म्हटलं की तो कुठे आहे? मध्यमवर्गीय असेल, इतवारीत तीन दुकानं असतील, किंवा गावाकडे शंभर एकर संत्र्याची बाग असेल. वाक्याने फक्त एक टोक खोडलं. बाकीचा सगळा पट्टा मोकळा ठेवला, आणि त्यावर बोट नेमकं कुठे ठेवायचं ते ऐकणाऱ्याने ठरवायचं.

ही मोकळी जागा हेच या अलंकाराचं भांडवल. म्हणून जोडी पहिल्या तऱ्हेची असेल तर न्यूनोक्ती होता होत नाही. कुणी गमतीने 'मी अजून मेलेलो नाही' म्हणतो तेव्हा तो आधी 'मेलेला' आणि 'धडधाकट' यांच्यात एक पट्टा तयार करून घेतो आणि मगच बोलतो.

'हा मूर्ख नाही' आणि 'हा काही मूर्ख नाही' यांत फरक काय? 'काही' तर रिकामाच शब्द दिसतो.

हा माझा आवडता प्रश्न आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

'हा मूर्ख नाही' ही माहिती झाली. डॉक्टरही देऊ शकतात, शिक्षकही देऊ शकतात. 'हा काही मूर्ख नाही' म्हटल्याबरोबर खोलीत तिसरं कुणीतरी हजर होतं, ज्याने त्याला मूर्ख समजलं असावं किंवा तसं समजून एखादा व्यवहार करायला बघितला असावा. 'काही'मुळे आधीचा एक समज समोर उभा राहतो आणि 'नाही' त्याला आडवा करतो. हा 'काही' वस्तूंची संख्या सांगणारा नव्हे, 'काही आंबे' मधला नव्हे. तो होकारी विधानात टिकतही नाही. 'हा काही मूर्ख आहे' असं कुणी म्हणत नाही. म्हणायचंच तर शेवटी 'का?' लावून प्रश्न करावा लागतो, आणि त्या प्रश्नाचं उत्तर पुन्हा 'नाही' असंच अपेक्षित असतं.

म्हणजे मराठीने या अलंकारासाठी एक खूण राखून ठेवली आहे. व्याकरणात त्याला नाव नसेल, बोलण्यात खूण पक्की आहे. 'मी काही दुधखुळा नाही', 'तो काही कच्च्या गुरूचा चेला नाही', 'माझे केस काही उन्हाने पांढरे झाले नाहीत'. यांतले कितीतरी वाक्प्रचार नकारातच जगतात. दुधखुळा असल्याचं कौतुकाने किंवा तक्रारीने कुणी सांगत बसत नाही. तो शब्द नाकारण्यासाठीच जपून ठेवलेला आहे.

इकडे आपल्याकडे आणखी एक गंमत आहे. 'काही… नाही' ऐवजी हिंदीच्या शेजाराने आलेला 'थोडी' लावला की नकाराचा शब्द न वापरताच नकार होतो. "मी थोडी येडा हाओ!" यात 'नाही' कुठेच नाही, तरी वेडा नसल्याची घोषणा आहे.

नागपूरकडची माणसं सरळ 'छान' का म्हणत नाहीत?

सगळी तशी नसतात. तर्री-पोह्यांच्या टपरीवर पहिल्या घासाला 'वा!' म्हणणारे पुष्कळ पाहिले आहेत. पण एका पिढीच्या बोलण्यात ही सवय खोल आहे, आणि ती मी माझ्या सासरी शिकले.

लग्नानंतर पहिल्यांदा पाटवडी-रस्सा केला. बेसन ढवळून ढवळून मनगट गेलं, थापी ताटलीत थापली, वड्या पाडल्या, वर खोबरं-सांबार भुरभुरलं. (बाहेरच्या वाचकांसाठी, इथे सांबार म्हणजे कोथिंबीर.) रश्श्यासाठी सुकं खोबरं आणि खसखस भाजून वाटली, तेलाचा तवंग आला. मामाजी, म्हणजे माझे सासरे, जेवले. हात धुतले. मी दारात उभी.

"मामाजी, कशी झाली?"

"नाई, काई बिघडली नाई."

मी मूळची पुण्याकडची. बिघडली नाही म्हणजे बिघडायची बाकी होती, एवढाच अर्थ मला लागला. स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंसमोर डोळ्यांत पाणी आणलं. त्या भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "अवं, तीनदा घेतली त्यायनं. अजून काय पाह्यजे तुले?"

नंतर कळत गेलं की त्या वाक्याच्या अर्थाचा निम्मा भाग ताटात होता. शब्दांनी फक्त दार किलकिलं केलं होतं. असं का बोलतात याचं माझं उत्तर असं: तोंडावर स्तुती केली की ती देणाऱ्यालाही जड होते आणि घेणारीलाही. दृष्ट लागण्याची भीती आहेच. गुटगुटीत बाळाकडे बघून आजी 'काई वाळलेला नाई' म्हणते आणि लगेच मीठ-मोहऱ्या शोधते. पण मला वाटतं त्याहून मोठं कारण जवळीक हे आहे. ज्याच्याशी ओळख नाही त्याला पूर्ण वाक्य द्यावं लागतं. घरच्याला अर्धं पुरतं.

संस्कृत शास्त्रकारांच्या नजरेतून हे सुटलं का?

नकाराचा विचार त्यांनी आपल्यापेक्षा बारकाईने केला. अलंकार म्हणून वेगळी पाटी लावली नाही, इतकंच. नकारवाचक 'नञ्' चे सहा अर्थ एका प्रसिद्ध श्लोकात दिले आहेत: सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पता, अप्राशस्त्य आणि विरोध. म्हणजे 'अ-' लागला की नेहमी 'नसणे' एवढंच होतं असं नाही. 'अधर्म' म्हणजे धर्माचा फक्त अभाव नाही, तो धर्माच्या विरुद्ध आहे. अल्पतेचं उदाहरण 'अनुदरा कन्या'. शब्दशः पोट नसलेली मुलगी, अर्थ सडपातळ मुलगी. इथे 'नाही' म्हणून 'थोडं आहे' सुचवलं. न्यूनोक्तीत बरोबर उलट घडतं: 'थोडं नाही' म्हणून 'खूप आहे' सुचवतात. दोन्हीकडे नकार जे बोलतो आणि जे सांगतो त्यांत अंतर आहे.

आपल्या रोजच्या शब्दांतही हे अंतर लपलेलं आहे. 'अमूल्य' वस्तूला मूल्य नसतं असं नाही, ते मोजता येत नाही. आणि 'अवीट' घ्या. ज्याचा वीट येत नाही ते अवीट. जन्माने ही शुद्ध न्यूनोक्ती आहे, 'ऐकून कंटाळा आला नाही' अशा बेताची. पण 'अवीट गोडी' इतक्या वेळा म्हटलं गेलं की तो शब्द आता पूर्ण पगारावर स्तुतीचं काम करतो. त्यात एक 'नाही' दडला आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

आणि ध्वनी, म्हणजे काव्यात शब्दांपलीकडे सुचवलेला अर्थ? तिथेही नकारातून होकार असतोच ना?

असतो, आणि उदाहरण आपल्याच घरचं आहे. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' लिहिताना निषेधातून विधी, म्हणजे नकारातून होकार, कसा सुचतो हे दाखवायला एक प्राकृत गाथा घेतली. ती सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत आहे, महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे मराठीच्या पणजीच्या भाषेत. घरातली तरुण बाई मुक्कामाला आलेल्या वाटसरूला सांगते की सासू इथे झोपते आणि मी इथे. उजेड आहे तोवर नीट बघून ठेव, रातांधळ्या, आणि रात्री माझ्या अंथरुणावर येऊन पडू नकोस. बाईने नको म्हटलं, पत्ता मात्र अचूक दिला.

ही न्यूनोक्ती नव्हे. इथे नकाराचा अर्थ थेट उलटा होतो. न्यूनोक्तीत नकार खराच असतो: पाटवडी खरोखरच बिघडलेली नव्हती. फक्त तेवढ्यावर ती थांबलेली नव्हती.

दोन नकार म्हणजे एक होकार, असं शाळेत शिकलो. मग 'अशक्य नाही' म्हणजे 'शक्य आहे' असंच ना?

'द्वौ नञौ प्रकृतार्थं गमयतः' हे वचन तसंच सांगतं: दोन नकार मूळ अर्थावर आणून सोडतात. गणितात ठीक आहे. बोलण्यात मात्र तुम्ही ज्या रस्त्याने गेलात त्या रस्त्याने परत येत नाही. 'मेट्रोने वेळेत पोचणं शक्य आहे' म्हणणारा बरोबर निघतो. 'अशक्य नाही' म्हणणारा घरी बसून सांगत असतो.

उलटही चालतं का? म्हणजे वाईट गोष्ट सौम्य करायला?

चालतं, आणि त्यासाठी मराठीकडे वेगळी हत्यारं आहेत: 'फारसा', 'तितकासा'. दोन्ही नकाराशिवाय उभे राहत नाहीत. 'तो फारसा हुशार आहे' म्हणून बघा, जीभ अडते. 'फारसा हुशार नाही' म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं आणि त्याच्या आईला भेटल्यावर तुम्हाला तोंडही लपवावं लागत नाही. दवाखान्यातून फोन आला आणि पलीकडचा म्हणाला, "काकांची तब्येत तितकीशी बरी नाही," तर तिकीट काढायचं. 'बरी नाही' एवढंच म्हणाला असता तर कदाचित उद्यापर्यंत थांबता आलं असतं. 'तितकीशी' घालून त्याने वाक्य मऊ केलं आणि आपली काळजी वाढवली.

उपरोध, शुभभाषण, 'नेति नेति' हे सगळं यातच येतं का?

नाही. उपरोधात बोललेलं खोटं असतं: 'मोठे दिवे लावले!' शुभभाषणात अशुभ शब्द टाळायचा असतो, नकार लागतोच असं नाही: घरातून निघताना 'जातो' ऐवजी 'येतो', बांगडी फुटली तर 'वाढली'. आणि बृहदारण्यक उपनिषदातलं 'नेति नेति' ('हे नव्हे, हे नव्हे') प्रत्येक वर्णन खोडत जातं, कारण कोणतंच पुरत नाही. आपला 'ऊन कमी नाई' म्हणणारा माणूस इतका लांब जात नाही. त्याला पाणी हवं असतं.

सरकारी कागदांत तर सगळंच नकारात असतं. तेही हेच का?

दिसायला सारखं, आतून वेगळं. 'ना हरकत प्रमाणपत्र' घ्या. तुमची बाजू आम्ही घेतो असं त्या कागदात कुठेही नसतं. आमच्याकडून अडवणूक नाही, एवढंच असतं. आणि तेवढंच असावं म्हणून तो शब्द घडवला आहे. अर्थ पट्ट्यावर पुढे सरकू नये, उद्या जबाबदारी येऊ नये. न्यूनोक्ती मोकळी जागा ऐकणाऱ्याला भरायला देते, कार्यालय त्या जागेला कुंपण घालतं.

1953 च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे भरतं. त्या दिवसांत आमदारांच्या प्रश्नांची छापील उत्तरं वाचून पाहावीत. 'हे खरे नाही', 'हे अंशतः खरे आहे', आणि सर्वांत सुंदर, 'प्रश्न उद्भवत नाही'. प्रश्न समोर छापलेला असतो आणि उत्तर म्हणतं तो जन्मलाच नाही. याला अलंकार म्हणायचा मोह होतो, पण हा अलंकार नव्हे, बंदोबस्त आहे.

वर्तमानपत्रातलं 'शक्यता नाकारता येत नाही' हे मात्र मी वर्गात बंदच केलं आहे. पाऊस पडण्याची, सरकार पडण्याची, झाड पडण्याची, कुठलीच शक्यता आजवर कुणाला नाकारता आलेली नाही.

हे वापरून कधी फसलात का?

चांगलीच. वर्गातल्या एका हुशार मुलीला शिफारसपत्र हवं होतं. मी मनापासून लिहिलं, आणि शेवटी माझ्या मते सर्वांत वजनदार वाक्य टाकलं: 'हिच्या कामाबद्दल मला कधीही तक्रार करावी लागली नाही.' इतक्या वर्षांत हे वाक्य मी दोघांतिघांसाठीच लिहिलं असेल. आठवड्याने त्या कार्यालयातून फोन आला. पलीकडच्या गृहस्थांनी फार नम्रपणे विचारलं, "मॅडम, तक्रारीचा काही विषय झाला होता का?"

ते चुकले असं मी म्हणणार नाही. ते मला ओळखत नव्हते. मी तक्रारीची वही उघडी ठेवून बसते हे त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. नाकारण्यासाठी का होईना, 'तक्रार' हा शब्द मीच त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला होता. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. तेव्हापासून शिफारसपत्रात मी 'उत्कृष्ट' लिहिते, लिहिताना कसंतरी होतं तरीही.

इतर भाषांत हे असतं का?

भरपूर. फ्रेंच शाळांमधलं ठरलेलं उदाहरण कोर्नेयच्या 1637 मधल्या 'ल सिद' नाटकातलं आहे. नायकाने नायिकेच्या वडिलांना द्वंद्वात मारलेलं असतं आणि ती त्याला एवढंच म्हणते की जा, मी तुझा द्वेष करत नाही. प्रेम आहे हे त्या प्रसंगी सांगण्याचा दुसरा मार्गच नव्हता. बायबलमध्ये पौल आपलं गाव तार्सस असल्याचं सांगताना मूळ ग्रीकमध्ये 'अप्रसिद्ध नसलेल्या नगराचा' नागरिक म्हणवतो. गावाचा अभिमान सांगायची ही रीत आपल्याकडच्या कुठल्याही काकाजींना लगेच पटेल. चिनी भाषेत 'बू त्सुओ', शब्दशः 'चूक नाही', हा चांगलं म्हणण्याचा रोजचा शब्द आहे. आपल्या 'अवीट'सारखाच झिजून गुळगुळीत झालेला.

इंग्रजीत याचा इतका सुळसुळाट झाला की 1946 मध्ये जॉर्ज ऑर्वेलने एका निबंधात त्याची टर उडवली. त्याच चालीवर मराठीत करून बघायचं तर, 'एका अशुभ्र नसलेल्या गाईने अहिरवं नसलेलं गवत नापसंत केलं नाही' असं काहीतरी होईल. संपादक म्हणून माझा नियम: एका पानावर एक.

भाषांतरात काय करायचं?

आधी बोलणारा कोण ते बघा, मग शब्द. इंग्रज म्हातारा 'नॉट बॅड' म्हणतो तिथे 'वाईट नाही' लिहिलं तर मराठी वाचकाला वस्तू काठावर पास झाली असं वाटतं. तोच म्हातारा नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात बसवला तर 'काही कमी नाही' म्हणेल, किंवा नुसतंच 'हं, जमलं' म्हणेल. नकार गेला तरी चालेल. आखडता हात राहिला पाहिजे.

मोबाइलवरच्या संदेशात हे टिकतं का?

अवघड आहे. 'वाईट नाही' तोंडाने म्हणताना 'वाईट' लांबवलं तर बेताचं, आणि भुवया उंचावून झटकन म्हटलं तर उत्तम. अक्षरांना भुवया नसतात. मुलं शेवटी एक हसरा चेहरा चिकटवतात. मला ते आवडत नाही, पण दुसरा उपायही सुचलेला नाही.

अशा घरात कुणी सरळ 'छान' म्हटलं तर?

आमच्याकडे एकदाच झालं. दिवाळीनंतर माझ्या माहेरची माणसं आली होती, पाटवडी मीच केली होती. पहिला घास घेऊन मामाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वा! छान झाली पाटवडी." माझी आई खुशीत माझ्याकडे बघायला लागली. सासूबाई काही न बोलता उठल्या, आत जाऊन पातेल्यातला रस्सा चाखला, आणि मिठाचा डबा घेऊनच बाहेर आल्या.